दोनशे अठ्ठावीस ओळींची छाती

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली नागपूरच्या बाजारातून कागद नाहीसा झाला. वह्या मिळेनात, लग्नाची आमंत्रणं पोस्टकार्डावर येऊ लागली, आणि बर्डीवरच्या दुकानदाराकडे मी दोन दस्ते मागितले तेव्हा त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग "कायले पाह्यजे?" असं विचारलं. मी अफू मागितली असती तर त्यानं इतकं विचारलं नसतं.

त्या साली आमच्या पाचपावली भागातला सर्वांत मोठा कागदाचा साठा आमच्या पलंगाखाली होता. अडचण एवढीच की त्याच्या एका बाजूवर आधीच काहीतरी छापलेलं होतं, आणि ते मी लिहिलेलं होतं.

एका साप्ताहिकात मी बावीस वर्षं विनोदी सदर चालवलं. मजकूर जुळवून झाला की छापखान्यातून त्याचं पहिलं प्रूफ घरी यायचं. गॅलीचं प्रूफ म्हणजे हातभर लांब, वीतभर रुंद कागद. वरपासून खालपर्यंत ओळीखाली ओळ, मागची बाजू कोरी. चुका दुरुस्त करून मी दुसऱ्या प्रुफाची वाट पाहायचो आणि पहिलं पलंगाखाली सरकवायचो. बावीस वर्षांत पलंग चार बोटं वर उचलला गेला. पाहुणे म्हणायचे, पलंग छान उंच आहे.

मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात सिंधूनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मला मुदत दिली.

"पंधरा दिवस. या कागदांचा काही उपयोग होतो हे दाखवा. नाही तर कवडूला बोलावते."

कवडू रद्दीवाला. माझं लेखन वजनावर जाणार या कल्पनेनं मी कामाला लागलो. आधी फडताळांत प्रुफं अंथरली. साखरेचा डबा उचलला की खाली अर्धं वाक्य दिसायचं, आणि उरलेलं अर्धं डाळीच्या डब्याखाली असायचं. माझ्या साडूनं एकदा ते पुरं करायला सगळं फडताळ रिकामं केलं आणि शेवटी "बस, एवढंच?" असं म्हणून डबे तसेच जमिनीवर ठेवून गेला. मग पतंग केला. विनोदी लेखाचा पतंग हलका असेल असं मला वाटलं होतं. तो गच्चीवरून थेट शेजाऱ्यांच्या हौदात गेला. उडदाचे पापड प्रुफांवर वाळत घातले तर शाई पापडांवर उमटली, तीही उलटी. भाजल्यावर अक्षरं आणखी ठळक झाली. सिंधूनं एक पापड आरशासमोर धरून वाचला आणि म्हणाली, "यात हसायचं कुठे?"

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी मैनाबाई आल्या.

मैनाबाई तांडापेठेतल्या. बापाच्या घरी हातमाग, सासऱ्याच्या घरी हातमाग, आणि नवऱ्याच्या वेळेला माग बंद. नवरा गिरणीत बदलीवर लागला होता, म्हणजे कोणी आजारी पडला तर याला काम. मैनाबाई उसन्या मशीनवर शिवण करायच्या, सिंधूची पोलकी त्याच शिवायच्या. त्या दिवशी पोलकं देऊन त्या दारातच उभ्या राहिल्या.

"सिंधूताई, घरात कागद हाय का वं? जुना चालन. कसाबी चालन."

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. मी पलंगाकडे पाहिलं. माझ्या कागदाला घरबसल्या मागणी आलेली मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

"कशाला हवाय?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

मग त्या बसल्या आणि सगळं सांगितलं. सरकारी शिवण केंद्राची परीक्षा येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, म्हणजे दहा दिवसांवर होती. पास होणारीला उमरेडच्या केंद्रात शिवण शिकवायची नोकरी. कायमची. उमरेड हे मैनाबाईंचं माहेर. परीक्षेत दिलेल्या मापाचा शर्ट आधी कागदावर बेतायचा, तो कागद कापायचा, मग त्यावरून कापड कापून शर्ट शिवायचा. दरवर्षी केंद्र खाकी कागद द्यायचं. यंदा पाटीवर लिहिलं होतं, कागद आपापला आणावा.

"दोन खेपा नापास झाली, भैय्याजी. यंदा वय सरून राहिलं. हे शेवटचं. यंदा नाई तं मंग कधीच नाई."

"का नापास झालात?"

"मापात! दोन्ही डाव मापात. म्या बोट ठेवून ठेवून मोजलं. साहेबानं जसं सांगतलं तसं. तरी शर्ट घट्ट. आता टेपावर माहा भरोसाच नाई राह्यला."

मी पलंगाखाली आडवा झालो आणि एक गठ्ठा ओढून काढला. मैनाबाईंनी तिथेच फरशीवर बैठक मारली, चार प्रुफं शेजारी शेजारी ठेवली, आणि बोटानं वरून खाली जाऊ लागल्या. ओठ हलत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. आपला लेख दुसरं कोणी इतकं मन लावून वाचताना पाहायला मिळणं ही सोपी गोष्ट नाही.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"थांबा नं, चुकवू नका. वाचून नाई राहिली, मोजून राहिली."

मग त्यांनी मान वर केली. डोळे असे चमकत होते की मी सिंधूला हाक मारली, आणि ती हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

"माह्या बापानं मले धागे मोजाले शिकवलं. इंचात धागे किती, त्याच्यावर लुगडं कसं थे ठरते. टेप झोल खाते, धागा खात नाई. अन् ह्या तुमच्या ओळी धाग्यावानी हायेत, भैय्याजी! एकसारख्या! ह्या कागदात इंचाले सहा, त्या कागदात सहा, सगळ्यात सहा! काहून?"

काहून ते मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं ज्या ओळी लिहिल्या त्या इंचात किती बसतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी सायकल काढली. चप्पल एका पायात होती, हे मला महाल भागातल्या छापखान्यात पोचल्यावर कळलं.

धोंडबा माझा जुळारी. चाळीस वर्षं तो शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवत आला होता, आणि त्याच्या वरच्या खिशात स्टीलची एक पट्टी कायम असायची. लोक खिशाला पेन लावतात तशी.

"धोंडबा, इंचात ओळी किती बसतात?"

"सहा."

"नेहमी सहा?"

"बारा पॉइंटाचा खिळा हाय तवर सहाच. नागपुरात जुळवा नाई तं विलायतेत जुळवा." त्यानं पट्टी काढून समोरच्या ताज्या प्रुफावर ठेवली. "पाहा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. झाला इंच. याच्यात काय हाय एवढं?"

"बावीस वर्षांत मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलंच नाई गा! तुमी यायचे अन् एकच विचारायचे, मजकूर वाढला का म्हणून."

मी त्याला घेऊनच घरी आलो. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात जे चाललं त्याला घरकाम म्हणता येणार नाही. मैनाबाईंनी तांदळाची खळ शिजवली, मागावरच्या सुताला लावतात तशी पातळ, आणि प्रुफं कडेला कड लावून चिकटवली, अशी की या कागदाची ओळ त्या कागदाच्या ओळीला सरळ मिळाली पाहिजे. सांधा कुठे आहे ते मला सापडत नव्हतं, धोंडबालाही नाही. कोरे कागद जोडून हे झालं नसतं. इथे आडव्या ओळी म्हणजे बाणा आणि मजकुराच्या उभ्या कडा म्हणजे ताणा, आणि शर्टाचा कागद त्यावर सरळ पडायचा म्हणजे पडायचाच. इंच सांगितले की मैनाबाई सहानं गुणायच्या आणि ओळी मोजत कात्री चालवायच्या. पहिला शर्ट माझा बेतला. शिवून झाल्यावर तो मी घातला तेव्हा सिंधू दोन पावलं मागे गेली आणि म्हणाली, "अगंबाई, तुम्हाला खांदे आहेत!"

मग तिलाही नाद लागला. घरातलं सगळं ओळींत मोजणं सुरू झालं. दरवाजा चारशे बत्तीस ओळी. साडू चारशे दोन ओळी, टोपी घालून चारशे सव्वीस. तो म्हणाला, "मला हे पटत नाही," आणि पुन्हा मोजून घेतलं. सिंधूनं पंधरा दिवसांची मुदत रद्द केल्याचं तोंडानं सांगितलं नाही, पण कवडू दारावरून ओरडत गेला तेव्हा तिनं त्याला "काही नाही बाबा, आमच्याकडे रद्दी नाही," असं सांगितलं. बावीस वर्षांत माझ्या लेखनाबद्दल तिनं काढलेला हा सर्वांत चांगला उद्गार होता.

माणसाचं मात्र एवढ्यानं भागत नाही. शनिवारी मी मैनाबाईंना विचारलं, "मजकूर कसा वाटतो?"

"ओळी चांगल्या हायेत," त्या म्हणाल्या.

"ओळी नाही, त्यात लिहिलंय ते."

"थे नाई पाह्यलं, भैय्याजी. त्याच्यात ध्यान गेलं की मोजणं चुकते."

ही गोष्ट माझ्या मनाला लागली असं मी म्हणत नाही. पण सोमवारी सकाळी त्यांच्या गठ्ठ्यावर मी सर्वांत वर एक पट्टी ठेवली. तीन प्रुफं टोकाला टोक लावून मी स्वतः चिकटवलेली, अंगाभोवती माप घ्यायला. ते माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम लेखाचं प्रूफ होतं, दिवाळी अंकातलं. नगरपालिकेच्या नळाची मुलाखत. परीक्षक माप घेताना समोर उभे राहणार, त्यांची नजर पट्टीवर जाणार, आणि कुठेतरी बरगडीपाशी त्यांना हसू फुटणार, एवढाच माझा हिशेब होता.

केंद्राचं नाव सांगत नाही. लांब कौलारू इमारत, समोर व्हरांडा, उन्हाळ्यामुळे सगळ्या खिडक्या उघड्या. आत नऊ बायका, नऊ मशीन, आणि मधोमध एका स्टुलावर उभा नत्थूजी.

नत्थूजी केंद्राचा चपराशी. परीक्षेचा शर्ट त्याच्या मापाचा असायचा. सकाळी कारकून सरकारी टेपानं त्याला मोजायचा, मापं तक्त्यावर लिहायची, आणि संध्याकाळी एकेक शर्ट त्याला घालून पाहायचा. अकरा वर्षं तो हे काम करत होता आणि अकरा वर्षांत एकही शर्ट त्याच्या अंगात धड गेला नव्हता. सगळ्यांचेच घट्ट. लोक म्हणायचे, परीक्षेच्या दिवशी नत्थूजी दुपारी फार जेवतो. त्या भीतीनं तो चार वर्षांपासून परीक्षेच्या दिवशी उपाशी राहत होता. तरी घट्ट. गेल्या साली जी बाई पास झाली ती रडत रडत बाहेर आली होती, कारण कागद तक्त्याप्रमाणे बेतूनही कापड तिनं छातीला दोन इंच जास्त कापलं होतं आणि आपण गेलो असं तिला वाटत होतं. तिचाच शर्ट त्यातल्या त्यात बसला.

परीक्षक चंपतराव हे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी तक्ता वाचला. "छाती छत्तीस! उंची एकोणतीस! बाही..."

मैनाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, मी नत्थूभाऊले माह्या हातानं मोजू का?"

"तक्ता आहे ना?"

"हाय. पण मोजू नये असं कुठी लिहलं हाय का?"

चंपतरावांनी नियमांची फाइल उघडली, शेवटपर्यंत वाचली आणि नाइलाजानं म्हणाले, "नाही लिहिलेलं."

मी आणि धोंडबा व्हरांड्यातून पाहत होतो. मैनाबाईंनी गठ्ठ्यात हात घातला, एक लांब पट्टी काढली, नत्थूजीनं ती स्वतःच छातीभोवती गुंडाळून धरली, आणि मैनाबाई ओठ हलवत त्याच्याभोवती फिरल्या. पट्टीवर अक्षरं होती एवढं दिसत होतं. चंपतराव वाकूनही पाहत नव्हते. मला थोडं वाईट वाटलं.

"धोंडबा, ती पट्टी म्हणजे आपला नळाचा लेख बरं का," मी शेजारी बसलेल्या धोंडबाला म्हणालो, आणि खिशातून त्याच पट्टीचा चिकटवताना कापलेला तुकडा काढून दाखवला. "आठवतो?"

धोंडबानं तुकडा घेतला, त्यावर अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा बदलला. खिशातली स्टीलची पट्टी काढून त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं.

"भैय्याजी, दिवाळी अंकाले हा लेख कमी पडत होता. दोन पानं भराची होती. म्या दर ओळीच्या मधात शिशाची पातळ पट्टी टाकून विरळ सोडला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याच्यात इंचाले पाचच ओळी. सहा नाई."

हे समजायला मला जो वेळ लागला तेवढ्यात आतली कात्री सुरू झाली होती. माझ्या लेखावर माणूस मोजायचा, इंचाला पाच ओळींनी. आणि त्या ओळी दुसऱ्या कागदावर कापायच्या, इंचाला सहांनी. छत्तीस इंचांच्या माणसाचा शर्ट तीस इंचांचा होणार होता. नत्थूजीला नाही, नत्थूजीच्या नातवाला बसला असता. आणि मैनाबाईंचं हे शेवटचं वर्ष होतं.

मी खिडकीशी धावलो. "मैनाबाई!"

"बाहेरच्यांनी आत बोलू नये!" चंपतराव गरजले.

मी बोललो नाही. मी हात वर करून पाच बोटं दाखवली. मग ती खाली करून सहा दाखवली, मग मान हलवली, मग पुन्हा पाच. मैनाबाईंनी वर पाहिलं, एकदा माझ्या बोटांकडे, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि मान खाली घालून पुन्हा कात्री चालवू लागल्या. पुढच्या रांगेतल्या बाईनं मात्र माझी पाच बोटं मनावर घेतली आणि शर्टाला पाचच बटणं लावली. तिची सहा ठरली होती.

"आणखी एकदा बोटं दाखवली तर पोलिसांना बोलावीन!"

मी व्हरांड्यात येऊन बसलो. धोंडबानं मला बिडी दिली. मी बिडी ओढत नाही, ती ओढली. आत मशीनं सुरू झाली. मी धोंडबाला म्हणालो, "मी का ठेवली रे ती पट्टी?" तो म्हणाला, "लेख चांगला होता, भैय्याजी." मला त्या वेळी हे ऐकायचं नव्हतं.

चार वाजता नत्थूजी पुन्हा स्टुलावर चढला. पहिला शर्ट: वरची दोन बटणं लागेनात. दुसरा: लागली, पण नत्थूजीनं श्वास घेताच एक उडून फाइलीवर पडलं. पाच बटणांचा: त्याबद्दल न बोललेलं बरं. असे सात झाले. नत्थूजीचा चेहरा नेहमीसारखाच खिन्न होता, अकरा वर्षांची सवय.

"मैनाबाई, तांडापेठ!"

मी खिडकीच्या गजांना धरून उभा राहिलो. कपडा हातात होता तोवर लहान की मोठा काही कळेना. नत्थूजीनं एक हात घातला. दुसरा घातला. खालून बटणं लावत वर आला. सहावं लागलं. तो थांबला, इतका वेळ की मला वाटलं आता उडणार. मग त्यानं हळूच श्वास घेतला. मग मोठा घेतला. दोन्ही हात वर केले. स्टुलावरून उतरला, खाली वाकला, पायाला हात लावला, उभा राहिला, आणि खोलीभर चालत एक चक्कर मारून आला.

"साहेब," तो म्हणाला, "हा तं माहा शर्ट हाय!"

बायकांत हसू पसरलं. मी धोंडबाला मिठी मारली. पण चंपतराव हसले नाहीत. त्यांनी मैनाबाईंचा कापलेला कागद टेबलावर पसरला आणि भिंतीच्या खुंटीवरचा सरकारी टेप मागवला. शिवणीसाठी आणि श्वासासाठी किती ओळी सोडल्या ते विचारून घेतलं, त्या वजा केल्या.

"छातीला किती ओळी धरल्या?"

"दोनशे अठ्ठावीस, साहेब."

"सहानं भागून?"

"अडतीस."

"तक्त्यात छत्तीस आहे. शर्ट बरोबर आहे, बाई, पण माप चुकलेलं आहे. नियमाप्रमाणे गुण मापाला आहेत. मला वाईट वाटतं." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"टोपण लावा, साहेब!" मैनाबाई म्हणाल्या. "दोन डाव म्या तुमच्या तक्त्यावर शिवलं अन् दोन डाव घरी गेली. यंदा माणसावर शिवलं. तुमचा टेप ह्या कागदावर ठेवा. छत्तीस इंचाले ओळी मोजा. दोनशे सोळा भरल्या तं मी आपल्या पायानं जातो."

चंपतरावांनी टेप ठेवला. ते स्वतः मोजू लागले, पेनाच्या टोकानं, ओळ न् ओळ. बायका भोवती जमल्या. दीडशे. दोनशे. दोनशे सोळा झाल्या तेव्हा टेपावर चौतीसचा आकडा होता. चंपतराव पुढे मोजत गेले. छत्तीसला दोनशे अठ्ठावीस भरल्या.

"कागद खोटा आहे," ते म्हणाले.

"टेप खोटा हाय," मैनाबाई म्हणाल्या.

आता सरकारी टेप आणि माझं लेखन या दोघांत खरं कोण, असा तो प्रश्न होता, आणि उभ्या आयुष्यात मला याबद्दल कोणी विचारलं असतं तर मी टेपाच्या बाजूनं मत दिलं असतं. तेवढ्यात माझ्या कानाजवळून एक हात खिडकीच्या गजांतून आत गेला. हातात स्टीलची पट्टी होती.

"साहेब, हे लोखंड हाय," धोंडबा म्हणाला. "लोखंड ताणत नाई. ह्याच्यावर दोघायलेबी तपासा."

पट्टी कागदावर ठेवली. सहा ओळी, एक इंच. बारा ओळी, दोन इंच, केसाचा फरक नाही. मग पट्टी टेपावर ठेवली. टेपाचे बारा इंच पट्टीच्या बारा इंचांना मागे टाकून चांगले बोटभर पुढे गेले होते. चंपतरावांनी टेप हातात घेऊन दोन टोकांना धरून पाहिला. तो जुन्या नाडीसारखा लोंबत होता.

"नत्थूजी, हा टेप कुठे असतो?"

"खुंटीवर, साहेब."

"नेहमी?"

नत्थूजीनं नव्या शर्टाची कॉलर सारखी केली. "दिवसा खुंटीवर. सांजच्याले सायकलच्या कॅरिअरले डबा बांधाले लागते. सुतळी कोन देते, साहेब?"

"किती वर्षं?"

"हेच... अकरा-बारा."

अकरा वर्षं जो टेप नत्थूजीला आवळून धरत होता तो नत्थूजीनंच ताणला होता. ताणलेला टेप त्याची छाती दोन इंच कमी सांगायचा, आणि नऊ-नऊ बायका चांगल्या टेपांनी त्या कमी मापाचे घट्ट शर्ट शिवायच्या. हे त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो म्हणाला, "मंग मी चार वरसं उपाशी कायले राह्यलो?"

मग चंपतरावांनी तक्ता पुढे ओढला, 'छत्तीस' वर आडवी रेघ मारली, वर 'अडतीस' लिहिलं आणि बाजूला सही केली. बावीस वर्षं मी प्रुफं तपासली, पण इतकी सुंदर दुरुस्ती पाहिली नव्हती. त्याच पेनानं त्यांनी मैनाबाईंच्या नावापुढे जे लिहायचं ते लिहिलं आणि नियमात कुठे अडचण आहे का ते पाहायला पुन्हा फाइल उघडली. अडचण नव्हती. गेल्या दोन सालांचे कागदही त्यांनी पुन्हा तपासायला कपाटातून काढायला सांगितले आणि टेप स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला. नत्थूजीनं तो लगेच उचलून घेतला. डबा बांधायला आता मोकळा झाला होता.

शर्ट मात्र तो काढीना. "सरकारी मालमत्ता आहे," कारकून म्हणाला. "अंगात हाय तवर माही हाय," असं म्हणून नत्थूजी व्हरांड्यात येऊन बसला आणि अंधार पडेपर्यंत तिथून उठला नाही.

मैनाबाई बाहेर आल्या. सिंधू टांग्यानं येऊन पोचली होती. तिनं त्यांना मिठीच मारली, आणि दोघी एकदम बोलू लागल्या, त्यामुळे कोणीच काही ऐकलं नाही. मी वाट पाहत होतो. शेवटी न राहवून विचारलं.

"मैनाबाई, मी सकाळी वर ठेवलेली ती पट्टी..."

"थे नं? थे विरळ विणलेली होती, भैय्याजी. बोट फिरवलं अन् समजलं. गठ्ठ्यातली खालची घेतली." त्या जराशा हसल्या. "तुमी खिडकीतून पाच बोटं दाखवून राहिले होते तवा वाटलं, बोलून टाकाव की मले ठाऊक हाय. पण साहेब होता."

"मग त्या पट्टीचं काय केलं?"

"कामाले आली नं! माही मशीन एका पायानं डुगडुगत होती. घडी करून पायाखाली देल्ली. मंग मशीन दिवसभर हालली नाई पाहा."

मी आत जाऊन पाहिलं. आठ पदरी घडी, मशीनच्या डाव्या पायाखाली. वरच्या पदरावर नळाचं पहिलं वाक्य होतं. मी ते काढून घेणार होतो. मग वाटलं, राहू द्यावं.

उमरेडहून पहिलं पत्र दीड महिन्यानं आलं. मैनाबाईंच्या हातचं, मोठ्या अक्षरांत, ओळी एकमेकींपासून सारख्या अंतरावर. सोळा मुली शिकायला आल्या आहेत, कागद अजून बाजारात नाही, आणि पलंगाखालचा साठा पाठवून द्यावा असा त्यात मजकूर होता. साठा गेला. पलंग चार बोटं खाली आला आणि पाहुणे म्हणू लागले, पलंग बदलला काय.

दुसरं पत्र दिवाळीच्या आधी आलं. साठा संपला. भैय्याजींनी नवं लिहावं, धोंडबाभाऊंनी जुळवावं, विषय कोणताही चालेल, पण विरळ नको.

निवृत्त होताना मी पुन्हा लिहिणार नाही असं साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर जाहीर केलं होतं. त्या दिवशी दुपारी मी टेबल खिडकीशी ओढलं आणि बसलो. सिंधूनं न मागता चहा आणून ठेवला. असं लग्नानंतर प्रथमच झालं. ती माझ्या खांद्यावरून कागदात डोकावली.

"किती लिहायचंय?"

"सोळा शर्ट," मी म्हणालो. "आणि बत्तीस बाह्या."

"मग कॉलर विसरू नका," असं म्हणून तिनं दार ओढून घेतलं.